पॉल क्रूगर आणि फेल्डकॉर्नेटची वही

'कमांडो' म्हटलं की काळ्या गणवेशातला, हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारा जवान डोळ्यांसमोर येतो. शब्द मात्र शेतकऱ्यांचा आहे. दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे शेतकरी आपापल्या घोड्यांवर, आपापल्या बंदुका घेऊन जी मोहीम काढत तिला ते कमांडो म्हणत. या लोकांना बोअर म्हणतात, आणि डच भाषेत त्याचा अर्थही शेतकरी असाच होतो. १९४० मध्ये ब्रिटिशांना आपल्या छापामार तुकड्यांसाठी नाव हवं होतं, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते त्यांचंच नाव त्यांनी उचललं.

या शेतकऱ्यांपैकी एक, स्टेफानस योहानेस पॉलस क्रूगर, जेमतेम तीन महिने शाळेत गेला. तरी तो ट्रान्सवाल या प्रजासत्ताकाचा चार वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि त्यानं ब्रिटिश साम्राज्याशी दोनदा टक्कर घेतली. वाचताना हा चमत्कार वाटतो. पण ट्रान्सवालमध्ये शेती, शिपाईगिरी आणि राजकारण हे तीन वेगळे व्यवसाय नव्हतेच. एकाच शिडीच्या त्या तीन पायऱ्या होत्या. शिडी कळली की क्रूगर कळतो, आणि शेवटी ती का मोडली तेही कळतं.

पहिली पायरी : सहा हजार एकर

क्रूगरचा जन्म १० ऑक्टोबर १८२५ चा, ब्रिटिशांच्या केप वसाहतीतल्या बुलहूक नावाच्या शेतावरचा. आई तो आठ वर्षांचा असतानाच गेली. इंग्रजी राजवटीला कंटाळलेली हजारो बोअर कुटुंबं १८३५ नंतर बैलगाड्यांत संसार भरून उत्तरेकडे निघाली, त्यांत क्रूगर घराणंही होतं. हेच ते 'ग्रेट ट्रेक'.

या गाड्या आपल्याकडच्या दोन बैलांच्या गाड्या नव्हेत. एकेका गाडीला चौदा-सोळा बैल जुंपलेले असत. मुक्कामाला गाड्या वर्तुळात लावायच्या, एकीचा दांडा दुसरीखाली सारायचा, साखळदंडांनी बांधायच्या आणि चाकांमधल्या फटींत काटेरी फांद्या कोंबायच्या. झाला कोट तयार. याला ते 'लागर' म्हणत. १६ ऑक्टोबर १८३६ ला वेगकॉप इथे अशाच कोटात चाळीसएक पुरुषांनी न्डेबेले राजा म्झिलिकाझीच्या काही हजारांच्या फौजेचा हल्ला परतवला. पुरुष गोळ्या झाडत होते. बायका-पोरं बंदुका ठासून देत होती, शिसं वितळवून गोळ्या ओतत होती. अकरा वर्षांचा पॉल त्या पोरांमध्ये होता.

कोटाच्या आत मेले फक्त दोघे. पण कोटाबाहेरची सगळी जनावरं न्डेबेले हाकून घेऊन गेले. लढाई जिंकली, आणि गाड्या ओढायला एक बैल उरला नाही! शेवटी रोलाँग टोळीचा प्रमुख मोरोका यानं बैल पाठवले म्हणून हे लोक तिथून हलले. लागरची ही खोट लक्षात ठेवा : आत बसलं की जीव वाचतो, पाय मात्र बांधले जातात. चौसष्ट वर्षांनी ती पुन्हा आडवी येणार आहे.

पुढे बोअरांनी न्डेबेलेंना लिम्पोपो नदीपलीकडे हुसकावलं आणि वाल नदीच्या उत्तरेचा मुलूख, म्हणजेच ट्रान्सवाल, आपला म्हणून वाटून घेतला. सोळा वर्षांच्या मुलाला नागरिक म्हणून हक्क मिळे आणि त्याबरोबर सहा-सहा हजार एकरांची दोन शेतं निवडता येत, एक पेरणीसाठी आणि एक चराईसाठी. मोजणीला ना साखळी ना भूकरमापक. मधल्या खुणेपासून घोडा चालीनं अर्धा तास हाकायचा आणि पोचाल तिथे शीव मानायची, ही केप वसाहतीतली जुनी रीत त्यांनी सोबत आणली होती. घोडा कुणाचा आणि किती दमाचा यावर शेताचं माप कमी-जास्त व्हायचं हे सांगायलाच नको. क्रूगरनं १८४१ मध्ये मागालीसबर्ग डोंगराच्या पायथ्याशी, रुस्टेनबर्गजवळ वॉटरक्लूफ हे शेत घेतलं.

इतकी जमीन कसायची कुणी? सोळा वर्षांच्या पोरानं नक्कीच नाही. ती जमीन रिकामी नव्हती. तिथे त्स्वाना भाषिक लोक आधीपासून राहत होते, आणि शेताच्या हद्दीत सापडलेल्यांनी वर्षातले काही दिवस फुकट राबायचं असा दंडक झाला. शिवाय मोहिमांत पकडलेली आफ्रिकी मुलं 'शिकाऊ' म्हणून वहीत नोंदवून ठराविक वयापर्यंत शेतावर बांधून ठेवली जात. नाव शिकाऊ, पण काम गुलामीचं. क्रूगरच्या 'शेतकरी' या बिरुदाखाली हे सगळं येतं. बोअरांच्या गौरवकथांमध्ये हा भाग बहुतेकदा गायब असतो.

दुसरी पायरी : फेल्डकॉर्नेट

ट्रान्सवालला कायमची फौज नव्हती. सोळा ते साठ वर्षांचा प्रत्येक गोरा पुरुष नागरिक हाच शिपाई. अशा नागरिकाला 'बर्गर' म्हणत. पावात घालून खातात त्याच्याशी याचा संबंध नाही. मराठ्यांच्या फौजेतला बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार आपला घोडा, आपलं हत्यार घेऊन येई. बर्गर हा शिलेदारच, पण बिनपगारी. बोलावणं आलं की त्यानं घोडा, खोगीर, लगाम, बंदूक, तीस काडतुसं आणि आठ दिवसांची शिदोरी घेऊन हजर व्हायचं. शिदोरीत मीठ-व्हिनेगर-धने चोळून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, म्हणजे बिल्टाँग, आणि दोनदा भाजलेले कडक टोस्ट. आठ दिवसांनंतरच्या जेवणाची जबाबदारी सरकारची.

बोलावणं कोण पाठवणार? तालुक्याचे काही भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाचा एक फेल्डकॉर्नेट असे. त्या भागातल्या बर्गरांनीच तो निवडायचा. तो आपल्याकडच्या पाटलासारखा होता, फक्त वतनदार नव्हे तर निवडून आलेला, आणि वर लष्करी अधिकारीही. शांततेच्या काळात तो कर गोळा करी, किरकोळ तंटे मिटवी, नव्या शेताची पाहणी करी, आफ्रिकी मजूर कुणाला किती मिळायचे ते ठरवी. युद्ध आलं की हाच माणूस आपल्या भागाची तुकडी घेऊन निघे. त्याच्यावर तालुक्याचा कमांडंट, आणि सर्वांवर कमांडंट जनरल. हे दोघेही निवडूनच यायचे.

आणि त्याच्याकडे एक वही असे. कोण नागरिक आहे, कोण कधी येऊन राहिला, कुणाला बोलवायचं, सगळं त्या वहीत. शिपायांचा हजेरीपट आणि मतदारयादी, दोन्हींचं मूळ एकच. पुढे एका मोठ्या युद्धाचं निमित्त होण्याइतकं वजन या वहीला आलं.

क्रूगर सतराव्या वर्षी उपफेल्डकॉर्नेट झाला आणि १८५२ मध्ये फेल्डकॉर्नेट. त्याच वर्षी १७ जानेवारीला सँड रिव्हर करारानं ब्रिटिशांनी वालपलीकडच्या बोअरांचं स्वातंत्र्य मान्य केलं. हजारो एकर मोकळ्या माळावर लोक मत कुणाला देणार? जो शिकारीत, स्वारीत आणि संकटात पुढे असतो त्याला. या बाबतीत क्रूगरच्या नावावर एक प्रसंग होता, तो घरोघरी सांगितला जाई.

१८४५ च्या सुमारास स्टीलपोर्ट नदीकाठी गेंड्याच्या शिकारीत त्याची जड, ठासणीची हत्तीबंदूक हातातच फुटली. डाव्या अंगठ्याचा बहुतेक भाग उडाला. हात रुमालात गुंडाळून तो घोड्यावरून तळावर आला आणि जखमेवर टर्पेंटाइन ओतलं. हात तोडावा लागेल असं सांगितल्यावर त्यानं नकार दिला आणि अंगठ्याचा उरलेला तुकडा स्वतःच खिशातल्या चाकूनं कापून काढला. जखम सडू लागली, काळेपणा खांद्याकडे सरकला. तेव्हा बोअरांच्या गावठी उपायाप्रमाणे ताजी बकरी मारून तिच्या गरम पोटात हात खुपसून ठेवला. जखम भरायला सहा महिन्यांहून जास्त लागले. तोवर हा गडी थांबला नाही, आधीच पुन्हा शिकारीला गेला होता. बकरीनं गँगरीन बरं होतं असं कुणी समजू नये. तो वाचला हे त्याचं नशीब. पण मतदारांनी यातून काय घ्यायचं ते घेतलं.

१८५४ मध्ये मकापानच्या गुहेला घातलेल्या वेढ्यात कमांडंट पीट पोटगीटर गोळी लागून पडला, तेव्हा गोळीबारातून त्याचा देह उचलून आणणारा क्रूगरच होता. त्या गुहेत आसऱ्याला गेलेली शेकडो आफ्रिकी माणसं, बायका-मुलांसह, तहानभुकेनं मेली. बोअरांनी आठवण ठेवली ती देह आणण्याची.

तिसरी पायरी, आणि तिथला पहिला तडा

१८६० च्या दशकात बोअरांच्या गटागटांत यादवी झाली. तिच्या तपशिलात शिरलं तर बाहेर येणं अवघड, म्हणून एवढंच : तडजोड घडवणाऱ्यांत क्रूगर पुढे होता आणि त्यातूनच तो कमांडंट जनरल म्हणून निवडून आला. इथे त्याला पद्धतीची दुसरी बाजू दिसली. १८६७ मध्ये उत्तरेच्या स्कूमान्सडाल गावाला वेंडा या आफ्रिकी लोकांनी घेरलं. क्रूगरनं देशभर बोलावणं पाठवलं आणि जेमतेम चार-पाचशे माणसं आली. लांबच्या तालुक्यांना उत्तरेच्या हस्तिदंत व्यापाऱ्यांसाठी मरायचं नव्हतं. दारूगोळाही पुरेना. शेवटी त्यानं गावच रिकामं केलं.

म्हणजे हे यंत्र कधी चाले? धोका आपल्या शिवेवर असेल, मोहीम थोड्या दिवसांची असेल आणि शेवटी जनावरांची लूट वाटून मिळणार असेल, तेव्हा. यातलं एकही नसेल तर बर्गरला पेरणी आठवायची. निवडून आलेला अधिकारी त्याला अडवणार कसा? पुढच्या निवडणुकीत मत त्याच्याकडेच मागायचं होतं.

आफ्रिकी लोकांवर मात्र हाच अधिकारी काहीही करू शकत होता. १८७० मध्ये बंधाऱ्याच्या कामावर बकगात्ला टोळीची माणसं बैलांऐवजी दगडांच्या गाड्यांना जुंपली होती. त्यांचा प्रमुख कगामान्याने यानं आणखी माणसं द्यायला नकार दिला, तेव्हा क्रूगरनं त्याला साऊल्सपोर्ट इथे लोकांसमोर फटके मारले. त्यानंतर त्या टोळीचा मोठा भाग देश सोडून आजच्या बोत्स्वानातल्या मोचुडीला गेला.

१८७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बर्गर्स (हे आडनाव) यांनी पेडी राजा सेखुखुनेवर स्वारी काढली. क्रूगरनं सोबत जायला साफ नकार दिला. किल्ल्यासारख्या डोंगरापुढे पोचल्यावर बर्गरांनी 'हॉइस टू', म्हणजे 'घरी चला', असा ओरडा केला आणि खरोखरच घरी गेले. तिजोरी रिकामी, फौज पांगलेली. १२ एप्रिल १८७७ ला ब्रिटिशांनी पंचवीस घोडेस्वार पोलिसांच्या बळावर देश खालसा केला.

आता धोका पुन्हा प्रत्येकाच्या शिवेवर आला होता, आणि यंत्र चालू लागलं. क्रूगर दोनदा लंडनला अर्ज घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला साडेसहा हजारांवर सह्या विलीनीकरणाविरुद्ध होत्या, बाजूनं सहाशेही नव्हत्या. अर्जांनी काही झालं नाही. डिसेंबर १८८० मध्ये उठाव झाला आणि २७ फेब्रुवारी १८८१ ला माजुबा टेकडीवर बोअरांनी दगड-झुडपांच्या आडून वर चढत ब्रिटिश सेनापती कॉलीसकट तुकडीचा धुव्वा उडवला. युद्ध तीन महिनेच चाललं, लढाया घराजवळच्या होत्या. या पद्धतीला जे जमतं नेमकं तेच.

१८८३ मध्ये क्रूगर राष्ट्राध्यक्ष झाला. त्याला ३,४३१ मतं, प्रतिस्पर्धी पीट जूबेरला १,१७१. इतकी मतं आज आपल्याकडे एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीला पडतात. पहाटे उठायचं, बायबल वाचायचं आणि प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवरच्या घराच्या ओसरीवर पाइप ओढत बसायचं. मग बैल हरवल्यापासून शिवेच्या भांडणापर्यंत तक्रार घेऊन येईल त्याला कॉफी. राष्ट्राध्यक्ष झाला तरी त्याचा कारभार फेल्डकॉर्नेटचाच राहिला.

सोनं आणि वही

१८८६ मध्ये विटवॉटर्सरांड इथे सोनं सापडलं. सोन्याच्या कणांचा दगड फार खोलवर जात असल्यामुळे एकट्यादुकट्यानं कुदळ मारून काही मिळणार नव्हतं. यंत्रं, डायनामाइट आणि लंडनचं भांडवल लागणार होतं. दहा वर्षांत माळावर जोहान्सबर्ग उभं राहिलं आणि बाहेरून आलेल्या गोऱ्यांचं, म्हणजे 'आउटलँडर' लोकांचं, गावच झालं. कर बहुतेक तेच भरत.

त्यांना मत द्यायचं का? १८८२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं वास्तव्य आणि २५ पौंड भरले की मत मिळे. पण मत देणं म्हणजे फक्त खासदार निवडणं नव्हतं. फेल्डकॉर्नेट, कमांडंट, कमांडंट जनरल, राष्ट्राध्यक्ष, सगळेच निवडून येणारे. खाणवाल्यांच्या हाती मतं गेली तर सरकारबरोबर फौजही त्यांचीच होणार. क्रूगरच्या हट्टाला लोक म्हाताऱ्याचा कर्मठपणा म्हणतात, तो होताही; पण हा हिशेबही त्यामागे होता. १८९० मध्ये त्यानं मुदत चौदा वर्षांवर नेली आणि आउटलँडरांसाठी फारसे अधिकार नसलेलं दुय्यम सभागृह काढून दिलं.

चौदा वर्षं मोजायची कशी? फेल्डकॉर्नेटच्या वहीत नाव कधी चढलं त्यावरून. शेतकरी असलेला, मोजक्या घरांचा भाग सांभाळायला निवडलेला माणूस, आणि दारात खाणीवरच्या हजारोंचा लोंढा! काही वह्या नीट लिहिल्याच नव्हत्या, काही गहाळ झाल्या. कित्येकांना आपण किती वर्षं राहिलो ते सिद्धच करता येईना. ब्रिटिश वकिलातीनं ही तक्रार वर्षानुवर्षं पुढे रेटली.

हिंदुस्थानी लोकांना तर वहीत जागाच नव्हती. क्रूगरच्याच कारकिर्दीतल्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्यानं आशियाई माणसाला नागरिकत्व नाकारलं, ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घ्यायला बंदी केली आणि व्यापारासाठी नोंदणी शुल्क लावलं, आधी २५ पौंड, मग ३. पदपथावरून चालायचीही मनाई होती. १८९३ च्या सुमारास तरुण मोहनदास गांधींना प्रिटोरियात पहारेकऱ्यानं लाथ मारून पदपथावरून खाली ढकललं, ते क्रूगरच्या घरासमोरच. घर इतकं साधं की पहारा नसता तर राष्ट्राध्यक्षाचं आहे हे कळलंही नसतं, अशी नोंद गांधींनी करून ठेवली आहे.

१८९५ च्या डिसेंबरअखेर केप वसाहतीचा पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स याचा माणूस डॉ. जेम्सन पाचएकशे घोडेस्वार घेऊन घुसला. जोहान्सबर्गमध्ये उठाव होणार होता, तो झालाच नाही. फेल्डकॉर्नेटांनी दोन-तीन दिवसांत माणसं जमवली आणि २ जानेवारी १८९६ ला त्याला डोर्नकॉपजवळ पकडलं. या फजितीनंतर क्रूगरनं खाणींच्या कराच्या पैशातून जर्मन माउझर बंदुका आणि फ्रान्समधून चार लांब पल्ल्याच्या तोफा आणल्या. बंदुका नव्या आल्या, फौजेची रचना जुनीच राहिली.

ज्यानं वर नेलं त्यानंच खाली आणलं

मे-जून १८९९ मध्ये ब्लूमफाँटेनच्या वाटाघाटी मोडल्या त्या मताधिकाराच्या मुदतीवर. क्रूगर सात वर्षांवर आला होता, ब्रिटिश उच्चायुक्त मिल्नर पाचावर अडून बसला. ११ ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं.

सुरुवातीला बोअर जिंकले. मग जुनी दुखणी वर आली. हल्ला करायचा की नाही ते 'क्रीग्सराड' या युद्धमंडळात चर्चा करून, मत घेऊन ठरे, आणि ठरल्यावरही न पटणारा बर्गर तंबूतच बसून राहू शकत होता. रजेवर गेलेला परतेलच याची खात्री नसे. लेडीस्मिथ गावाबाहेर ब्रिटिश फौज पळत असताना कमांडंट जनरल जूबेरनं पाठलाग केला नाही. देवानं बोट पुढे केलं म्हणून सगळा हात धरू नये, असं त्याचं म्हणणं. मग ११८ दिवस वेढा घालून हजारो स्वार एका जागी खिळून बसले.

आणि वेगकॉपच्या गाड्या परत आल्या. फेब्रुवारी १९०० मध्ये बोअर सेनापती पीट क्रोन्ये कुटुंबं आणि बैलगाड्यांसह माघार घेत होता. गाड्या टाकून घोड्यांवर निसटणं शक्य होतं, पण गाडी म्हणजे बर्गरचं घर. पार्डेबर्गला मॉडर नदीकाठी त्यानं लागर केलं. वेगकॉपला समोर भाले होते, इथे तोफा होत्या. २७ फेब्रुवारीला, माजुबाच्याच तारखेला, चार हजार माणसं शरण गेली.

आठवड्याभरानं, ७ मार्चला, ७४ वर्षांचा क्रूगर स्वतः घोडागाडीतून पॉपलर ग्रोव्हच्या फळीवर गेला. बर्गर पळत होते. त्यानं हात उंचावून, ओरडून त्यांना माघारी फिरवायचा प्रयत्न केला. कुणी थांबलं नाही. दहा दिवसांनी क्रून्स्टाडच्या बैठकीत गाड्या सोडून द्यायचं ठरलं आणि त्यातून पुढची दोन वर्षं चाललेला गनिमी कावा उभा राहिला. त्याला उत्तर म्हणून ब्रिटिशांनी शेतघरं जाळली आणि बायका-मुलांना छावण्यांत कोंडलं. तिथे सव्वीस हजारांवर बोअर मेले, बहुतेक मुलं. वेगळ्या छावण्यांत हजारो आफ्रिकीही.

घोड्यावर बसण्याचं वय नसलेला क्रूगर ऑक्टोबर १९०० मध्ये डच युद्धनौकेतून युरोपला गेला. फ्रान्समध्ये जयजयकार झाला, जर्मन कैसरनं भेट नाकारली. बायको खेसिना प्रिटोरियातच राहिली आणि १९०१ मध्ये वारली. १४ जुलै १९०४ ला स्वित्झर्लंडमधल्या क्लारेन्स गावी तो गेला. ब्रिटिश अमलाखाली घरी परतायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही.

त्याचे काही बर्गर मात्र आपल्याकडे येऊन राहून गेले. युद्धकैदी ठेवायला दक्षिण आफ्रिकेत जागा पुरेना, म्हणून हजारोंना हिंदुस्थानात पाठवलं. त्यातली एक छावणी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होती. मे १९०२ मध्ये तह झाला तरी राजनिष्ठेच्या शपथेवर सही केल्याशिवाय घरी सोडत नव्हते, आणि काही जण वर्ष-दीड वर्ष उलटलं तरी सही करेनात. डिसेंबर १९०३ मध्ये त्यांची समजूत काढायला जनरल कूस डे ला रे बोटीनं इकडे आला. तो लिख्टेनबर्गचा शेतकरी. आधी फेल्डकॉर्नेट, मग कमांडंट, मग खासदार, मग सेनापती. हुकूम सोडायला आता त्याच्याकडे कुठलंच पद नव्हतं. तो त्यांच्यात बसला आणि एकेकाशी बोलला.